आधी तिपाई, मग कॅमेरा

आमच्या कपाटात एका पाकिटात चार निगेटिव्ह ठेवलेल्या आहेत. चारही एकाच दगडाच्या. सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या लहानशा मस्जिदीच्या दरवाजावर हा दगड होता. त्यावर फारसीत दोन ओळी आणि खाली हिजरी साल कोरलेले. मस्जिदीच्या दुरुस्तीचे काम निघाले तेव्हा गावातल्या एका बुजुर्गांनी निरोप धाडला की, काम सुरू होण्याआधी या दगडाचा नीट फोटो काढून ठेवा. आम्ही गेलो, चार फोटो काढले, चहा घेतला आणि समाधानाने परतलो.

घरी येऊन निगेटिव्ह धुतल्या तेव्हा ते समाधान गेले. प्रत्येक अक्षराला सावलीसारखे दुसरे अक्षर चिकटले होते. सालाचा शेवटचा आकडा दोन आहे की तीन, हे ठरवता येईना. उर्दू-फारसी लिपीत या दोन आकड्यांत एका दाताचाच फरक असतो. बे, ते आणि से या अक्षरांत तर फक्त नुक्त्यांचा फरक. नुक्ता पुसट झाला की शब्द बदलतो, नाव बदलते. दुसऱ्यांदा जाण्याचा योग आला तोवर दगडावर हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात बसले होते. खाचा भरून गेल्या होत्या.

कॅमेरा चांगला होता, भिंग स्वच्छ होते, उजेडही भरपूर होता. चूक तिपाईची होती, म्हणजेच ती निवडणाऱ्या आमची. लग्नाच्या व्हिडिओसाठी वापरतात तसली हलकी अॅल्युमिनियमची तिपाई आम्ही नेली होती. त्यानंतर या विषयात जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

कोणता कॅमेरा, आणि कशासाठी?

जुन्या स्टुडिओत डोक्यावर काळे कापड घेऊन फोटोग्राफर ज्यात डोकावत, तो हा कॅमेरा. लाकडी चौकट, मधे चामड्याचा किंवा कापडाचा भाता, पुढे भिंग आणि मागे घासलेली काच. त्यात रोल नसतो, एकेक शीट घालायची. आकार ४ बाय ५ इंच, हाफ प्लेट, साडेसहा बाय साडेआठ इंचांची फुल प्लेट, किंवा ८ बाय १० इंच. आपल्या देशात केरळमधल्या आलप्पुळा येथे बनणारा ‘वागीश्वरी’ नावाचा सागवानी कॅमेरा अनेक वर्षे गावोगावच्या स्टुडिओंत होता. वाद्ये दुरुस्त करणाऱ्या घरातून त्याचा जन्म झाला. हार्मोनियमचा भाता दुरुस्त करणारा हात कॅमेऱ्याच्या भात्यालाही चालला, यात नवल नाही. अशा जातीचा एक कॅमेरा आमच्या मामूंकडून आमच्याकडे आला.

रोजच्या कामाला मोबाइल पुरतो, हे आम्हालाही मान्य आहे. पण हाताच्या पंजाएवढ्या निगेटिव्हमध्ये दगडावरची बारीक खाच ज्या तपशिलाने उतरते, आणि कोणतेही यंत्र न लावता, नुसती खिडकीसमोर धरून पुढची पिढी ती वाचू शकते, त्याचे मोल वेगळे आहे. कृष्णाकाठच्या लोकांना हे सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत सांगलीकडच्या किती घरांतले अल्बम, निकाहनामे, जमिनीचे कागद चिखलात गेले, याची मोजदाद कोणी केलेली नाही. माणसांच्या तसबिरींबाबत घराघरांत वेगवेगळी मते आहेत. त्या वादात इथे शिरत नाही. शिलालेख, इमारत आणि जुने कागद यांच्या नकलेबद्दल मात्र कोणाच्या मनात किंतु नसतो. ती पुढच्यांची अमानत आहे.

हे काम नवेही नाही. कॅप्टन थॉमस बिग्स यांनी १८५५ मध्ये विजापूरच्या आदिलशाही इमारतींचे फोटो काढले, तेही कागदी निगेटिव्हवर. १८६६ मध्ये विजापूरच्या वास्तुकलेवर जे मोठे पुस्तक निघाले, त्यात त्यांचे फोटो आहेत. दीडशेहून जास्त वर्षांनी आज ते पाहता येतात, कारण तेव्हा कॅमेरा हलला नाही.

कॅमेरा हलतो का?

आम्हीही शीट फिल्म महाग पडते म्हणून कागदी निगेटिव्ह वापरतो, म्हणजे स्टुडिओचा ब्रोमाइड पेपरच फिल्मच्या जागी घालतो. त्याचा वेग फार मंद, साधारण ६ आयएसओ. भिंग एफ ३२ वर बारीक केले की भर उन्हात सुद्धा पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ द्यावा लागतो. सावलीत पाच सेकंद, आणि मस्जिदीच्या आत तर काही मिनिटे. एवढ्या वेळात कॅमेरा जागचा हलता कामा नये.

त्यात भाता उघडला की तो वाऱ्यापुढे शिडासारखा उभा राहतो. भिंग पुढे लांब गेले की वजन एका बाजूला झुकते आणि लहानसा धक्काही तरफेसारखा वाढतो. शीटचा होल्डर आत सारताना, डार्क स्लाइड ओढताना आपणच कॅमेऱ्याला धक्के देत असतो. छोट्या कॅमेऱ्याला जी तिपाई भक्कम वाटते, ती इथे वेताच्या काठीसारखी डोलते.

पाय कसे निवडावे?

पहिली गोष्ट, तिपाईवर छापलेला भार. ‘८ किलो’ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ एवढाच की ८ किलो ठेवल्यावर ती कोसळणार नाही. हलणार नाही, असे त्यात कोणी लिहिलेले नसते. कॅमेरा, भिंग, होल्डर आणि हेड या सगळ्यांचे वजन करावे आणि छापील भार त्याच्या निदान दुप्पट, जमल्यास तिप्पट असावा. लाकडी ४ बाय ५ चा संच भिंगासह दोन-तीन किलो भरतो, फुल प्लेटचा त्याहून बराच जड असतो.

दुसरी गोष्ट, उंची. मधला दांडा वर न काढता घासलेली काच आपल्या डोळ्यासमोर यायला हवी. मधला दांडा वर काढला की तीन पायांची तिपाई एका पायाची होते. घेताना दांडा नसलेली तिपाई मिळाली तर उत्तमच.

तिसरी गोष्ट, पायांचे टप्पे. चार-पाच टप्प्यांचे पाय पिशवीत छान मावतात, पण शेवटचा टप्पा बोटाएवढा बारीक असतो आणि प्रत्येक सांधा थोडा ढिला. दोन किंवा तीन टप्पेच असावेत. दुकानात तिपाई पूर्ण उघडून माथा दोन्ही हातांनी धरावा आणि चावी फिरवावी तसा पिळावा. माथा फिरत असेल तर ती तिपाई तिथेच ठेवून यावे.

चौथी गोष्ट, कशाचे पाय. कार्बन फायबर हलके आणि ताठ, पण महाग. अजिंक्यताऱ्यावर सामान पाठीवर घेऊन चढायचे असेल तर त्याचा उपयोग. अॅल्युमिनियम स्वस्त, पण धक्का बसल्यावर त्याची थरथर बराच वेळ टिकते. लाकूड जड, पण थरथर लवकर गिळते. जर्मनीतली बर्लेबाख ही कंपनी १८९८ पासून आहे आणि अॅश लाकडाच्या तिपाया बनवते. अमेरिकेतली रीज मेपलच्या बनवते. जगभर मोठ्या कॅमेऱ्यांचे लोक आजही लाकडाकडे वळतात, ते हौसेखातर नव्हे.

हे आम्हाला नीट उमगले ते मिरजेत. मिरजेची सतार आणि तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हा हुन्नर तिथल्या मुस्लिम कारागीर घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळला आहे. एका कारागिरांच्या दुकानात आम्ही बसलो होतो. त्यांनी एका फळीवर बोटाने टिचकी मारली आणि कान लावायला सांगितले. आवाज लांबत गेला. म्हणाले, “गुरुजी, आम्हाला असं बोलणारं लाकूड लागतं.” मग आमच्या तिपाईच्या पायावर टिचकी मारून म्हणाले, “तुम्हाला लगेच गप्प बसणारं पाहिजे.” तेव्हापासून तिपाई निवडताना आम्ही टिचकी मारून ऐकतो. पाय घंटेसारखा वाजला तर नको. ‘ठक्’ होऊन थांबला तर पुढची चौकशी.

मोजणीदारांची तिपाई

परदेशी तिपाई सगळ्यांच्या खिशाला परवडणारी नाही. आमच्याही नाही. यावर एक देशी उपाय आहे. जमीन, रस्ते, कालवे यांच्या मोजणीला लेव्हल किंवा थिओडोलाइट ज्या लाकडी तिपाईवर ठेवतात, ती आपल्या कामासाठीच बनवल्यासारखी असते. रुंद माथा, जाड पाय, एकच सरकता टप्पा, खाली पोलादी टोके आणि टोक जमिनीत दाबायला पावलाची जागा. मोजणीची कामे घेणाऱ्यांकडे आणि उपकरणांच्या दुकानांत जुन्या तिपाया निघतात.

घेताना माथ्याजवळचे बिजागर हलवून पाहावे, पायाला चीर किंवा वाळवी नाही ना ते बघावे, आणि पाय उघडून ठेवल्यावर एक पाय धरून हलवल्यास दुसरे दोन जागेवर राहतात का ते तपासावे. बोल्ट ढिले असतील तर पान्याने आवळता येतात. वाकलेले लाकूड सरळ होत नाही.

एकच अडचण असते, आट्यांची. मोजणीच्या तिपाईचा बोल्ट पाच सुती, इंचाला ११ आटे. कॅमेऱ्याच्या हेडला तीन सुती, इंचाला १६ आटे लागतात. लहान कॅमेऱ्यांना थेट दोन सुती, इंचाला २० आटे. सातारा, मिरज किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कोणत्याही लेथवाल्याला हे आकडे कागदावर लिहून द्या. नऊ-दहा सेंटिमीटर व्यासाची जाड पोलादी चकती, खालून पाच सुती आट्यांचे भोक आणि वर तीन सुती स्टड, एवढेच काम. मोजणीच्या तिपाईच्या माथ्याला मधे मोठे भोक असते. चकती त्या भोकापेक्षा बरीच रुंद हवी, नाहीतर कॅमेरा डुगडुगतो. प्लेन टेबलच्या तिपाईची जोडणी वेगळी असते, तेव्हा घेण्याआधी बोल्ट मापून घ्यावा.

हेड: सगळ्यात कच्चा सांधा

पाय आणि कॅमेरा यांच्यामधला सांधा म्हणजे हेड. साखळीची ताकद सर्वात कच्च्या कडीएवढी असते. जाड पायांवर चिमुकले हेड बसवले तर पायांवरचा सगळा खर्च वाया जातो.

बॉल हेड छोट्या कॅमेऱ्याला सोयीचे. मोठ्या कॅमेऱ्याला नाही. त्याची एकच चावी सैल केली की सगळ्या दिशा एकदम सुटतात आणि चार किलोचा कॅमेरा नाकावर पडू पाहतो. त्याऐवजी थ्री-वे हेड घ्यावे. त्यात पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि गोल फिरणे यांच्या चाव्या वेगळ्या असतात. एक दिशा नीट करताना बाकीच्या दोन घट्ट राहतात. दातेरी चक्राचे गिअर्ड हेड आणखी बारीक काम करते, पण किंमत आणि वजन दोन्ही वाढते.

हेडची प्लेट निदान तळहाताएवढी असावी. लहान प्लेटवर लाकडी कॅमेरा एका स्क्रूभोवती फिरतो. प्लेटवर जाड मऊ रबर असेल तर कॅमेरा गादीवर बसल्यासारखा लवतो. पातळ कॉर्क किंवा चामडे चांगले.

आणि केवळ इमारती, शिलालेख यांचेच फोटो काढायचे असतील तर चौथा पर्यायही आहे: हेडच नको. जुन्या स्टँडला हेड नसायचे. कॅमेरा थेट माथ्यावर कसायचा आणि पाय वर-खाली करून पाणसळ साधायची. वेळ लागतो, पण एक सांधा कमी होतो आणि पैसे वाचतात. आम्ही वर्षभर असेच काम केले.

कराडच्या मस्जिदीचे आदिलशाही काळातले उंच मनोरे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचे महत्त्व पटेल. मनोऱ्याचे टोक चौकटीत यावे म्हणून कॅमेरा मागे झुकवला की दोन्ही मनोरे वर एकमेकांकडे कललेले दिसतात. बांधणाऱ्याने ते सरळ उभे केले आणि आपण फोटोत कलते करायचे, हे बरे नव्हे. मोठ्या कॅमेऱ्यात उपाय आहे. कॅमेरा पाणसळीत ठेवायचा आणि फक्त भिंगाची पाटी वर सरकवायची. मागची काच ओळंब्यात राहिली की मनोरे सरळ येतात. गवंड्याचा ओळंबा आणि लहान पाणसळ आमच्या पिशवीत कायम असते. म्हणून हेड असे हवे की एकदा साधलेली पातळी चावी आवळताना सुटत नाही. पुष्कळ हेडे शेवटच्या आवळण्यात किंचित सरकतात. दुकानात कॅमेरा चढवून हे पाहूनच घ्यावे.

जमीन ओळखावी

सांगली-मिरजेकडची काळी माती वरून घट्ट वाटते, पण टोकदार पाय त्यात हळूहळू रुततो. पाच सेकंदांत केसभर रुतला तरी अक्षरे दुहेरी होतात. आमच्या चार निगेटिव्हचे निम्मे कारण हेच असावे. मस्जिदीपुढची माती नुकतीच पाणी मारून बसवलेली होती. अशा ठिकाणी प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा किंवा फळी ठेवावी. साताऱ्याकडच्या मुरमाड डोंगरावर टोके दाबून बसवावी. कासच्या जांभ्या खडकावर टोके घसरतात, तिथे रबराचे बूट घालावे, आणि फुलांच्या दिवसांत तिपाईचा पायसुद्धा वाटेबाहेर पडू देऊ नये.

मस्जिदीत आणि दर्ग्यात वेगळी काळजी घ्यावी. मुतवल्ली किंवा ट्रस्टींची परवानगी आधी घ्यावी, जमातीच्या वेळा सोडून जावे. पोलादी टोक संगमरवरावर किंवा जानमाजवर कधीही टेकवू नये. आम्ही लाकडाच्या तीन वाट्या करून घेतल्या आहेत, त्यात टोके बसतात. गुळगुळीत फरशीवर पाय पसरू नयेत म्हणून तिघांना मिळून एक साखळी बांधतो. वाऱ्यात तिपाईखाली वाळूची पिशवी लटकवावी, पण ती जमिनीला किंचित टेकलेली असावी. झुलणारी पिशवी स्वतःच तिपाई हलवते.

घरच्या घरी परीक्षा

ही परीक्षा आम्ही वर्गात मुलांना दाखवतो. तिपाईवर कॅमेरा चढवा. कॅमेऱ्यावर लहान आरसा चिकटपट्टीने पक्का बसवा. टेबलावर लेझर टॉर्च ठेवून तिचा किरण आरशावर पाडा, म्हणजे पाच मीटर लांबच्या भिंतीवर लाल ठिपका दिसेल. किरण कोणाच्या डोळ्यात जाणार नाही याची खबरदारी घ्या. आता पायावर टिचकी मारा आणि ठिपका पाहा.

ठिपका किती हलतो आणि किती वेळाने थांबतो, या दोन्ही गोष्टी पाहायच्या. आरशामुळे कोन दुप्पट होतो, तो हिशेबात धरला तर पाच मीटरवर एक सेंटिमीटर हललेला ठिपका १५० मिलिमीटरच्या भिंगामागे सुमारे ०.१५ मिलिमीटरचा घोळ करतो. ऐकायला थोडा वाटतो, पण नुक्ता पुसायला तेवढा पुरतो. आमच्या पहिल्या तिपाईचा ठिपका आम्ही तीनपर्यंत मोजले तरी थरथरत होता. मोजणीच्या तिपाईचा एक म्हणेपर्यंत थांबला.

सवयीही हव्यात

चांगली तिपाई घेऊनही घाई केली तर उपयोग नाही. स्लाइड ओढल्यावर हात काढून दहापर्यंत मोजावे. केबलने शटर सोडावे. शटर नसलेल्या जुन्या भिंगाला जुने फोटोग्राफर टोपी वापरत. टोपी भिंगावरून अलगद काढून त्याच्यापुढेच धरायची, थरथर थांबू द्यायची आणि मग बाजूला न्यायची. वेळ संपला की पुन्हा आड आणायची. वाऱ्याची झुळूक आली तर थांबावे, छत्री आड धरावी. सर्वात धोक्याचा वेळ म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागापासून एक-दोन सेकंदांपर्यंतचा. दिलेला सगळा वेळ त्या थरथरीत जातो. अशा वेळी भिंग आणखी बारीक करून पाच-सहा सेकंद द्यावे, म्हणजे सुरुवातीच्या हलण्याचा वाटा कमी होतो.

खर्चाचा क्रमही सांगून ठेवतो. पैसे मोजके असतील तर आधी पाय, मग हेड, मग भिंग. आम्ही उलटे केले होते. आधी उंट बांधावा, मग तवक्कल करावे, ही शिकवण लहानपणापासून ऐकत आलो, आणि ऐन वेळी उंटच बांधला नाही.

गेल्या हिवाळ्यात सांगलीतल्या एका घरी २०१९ च्या पुरातून वाचलेल्या जुन्या निकाहनाम्याची नकल आम्ही केली. कागदावर पाण्याचा तपकिरी डाग, शाई उडालेली. खिडकीच्या उजेडात, लेथवर केलेल्या त्या चकतीवर कॅमेरा कसून चाळीस सेकंद दिले. निगेटिव्ह धुतल्यावर त्या घरातल्या दादीजानांनी ती खिडकीसमोर धरली. महेरची रक्कम, गवाहांची नावे, सगळे नुक्ते जागच्या जागी होते. त्यांनी आपल्या सासऱ्यांचे नाव बोटाने दाखवले.

त्या गावचा दगड मात्र रंगाखालीच आहे. साल दोन की तीन, हे आम्हाला आजही माहीत नाही. म्हणून वाचकांना एवढीच विनंती आहे. आपल्या गावच्या मस्जिदीवर, दर्ग्यावर किंवा कब्रस्तानात अक्षरे कोरलेला दगड असेल, तर रंगाचा डबा उघडण्याआधी त्याचा फोटो काढून घ्या. मोबाइलने काढा, पण मोबाइलसुद्धा कशावर तरी टेकवून काढा.